वाचकांचे प्रश्न : बायर्नची मक्तेदारी किती दिवसांची?

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त श्टुटगार्टला असतो. शनिवारी रात्री फोनवर आमचे फुटबॉलबद्दल बोलणे होते आणि बहुतेक वेळा ते वादावर जाते. बायर्न म्युनिकने २०१३ ते २०२३ अशी सलग ११ वर्षे जर्मन लीग जिंकली, मध्ये एक वर्ष लेव्हरकुसेनला मिळाले आणि २०२५ मध्ये विजेतेपद पुन्हा बायर्नकडेच गेले. तेव्हा ही मक्तेदारी आता कायमची, असे त्याचे म्हणणे आहे. मी कोल्हापुरात वाढलो. एका पेठेचा जोर ओसरून दुसरीचा चढलेला शाहू स्टेडियमवर अनेकदा पाहिला असल्यामुळे कोणताच संघ कायम वर राहत नाही, असे मला वाटते. खरे कोणाचे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपण ‘संघ’ म्हणता तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे मैदानावरची ११ माणसे असतात, आणि चिरंजीव बोलतात ते त्या माणसांना पगार देणाऱ्या संस्थेबद्दल. वादाचे मूळ बहुधा इथेच आहे. खेळाडूंचा एक संच चार-पाच वर्षांपलीकडे तोच जोर धरून राहत नाही, हे आपले निरीक्षण बायर्नलाही लागू पडते. संस्थेचे वर्चस्व मात्र तिच्या आणि प्रतिस्पर्ध्यांच्या उत्पन्नात किती अंतर आहे यावर टिकते, आणि जर्मनीत ते अंतर फार मोठे आहे.

ते कसे वाढले हे पाहण्यासाठी २०१२ च्या मे महिन्यापर्यंत मागे जावे लागते. त्या वेळी जर्मनीत बोलबाला होता तो डॉर्टमुंडचा. त्यांनी सलग दुसऱ्यांदा लीग जिंकली होती आणि जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यात बायर्नला ५–२ असे अक्षरशः लोळवले होते. त्यानंतर आठवड्याभरात बायर्न आपल्याच मैदानावर चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना चेल्सीकडून पेनल्टींवर हरला. एखादा क्लब अशा वेळी हातपाय गाळून बसला असता. बायर्नने त्याच उन्हाळ्यात सुमारे ४ कोटी युरो मोजून हावी मार्टिनेसला आणले आणि पुढच्या हंगामात लीग, चषक व चॅम्पियन्स लीग अशी तिन्ही विजेतेपदे मिळवली. त्यानंतर जे घडले ते अधिक बोलके आहे. डॉर्टमुंडचा मारिओ ग्योत्झे २०१३ मध्ये, रॉबर्ट लेवांडोव्स्की २०१४ मध्ये आणि कर्णधार माट्स हुमेल्स २०१६ मध्ये म्युनिकला गेले. लेवांडोव्स्कीचा करार संपलेला असल्यामुळे डॉर्टमुंडच्या पदरात छदामही पडला नाही. आपला संघ बळकट करताना सर्वांत जवळच्या प्रतिस्पर्ध्याची धार बोथट करणे, हा दुहेरी फायदा ज्याच्या खिशात पैसा आहे त्यालाच परवडतो.

हा पैसा कोणा एका धनाढ्य मालकाने ओतलेला नाही, हे चिरंजिवांच्या बाजूने सांगावे लागेल. बायर्नचे ७५ टक्के भागभांडवल सभासदांच्या मूळ क्लबकडे आहे आणि उरलेले आदिदास, आउडी व आलियान्झ या तीन कंपन्यांत वाटलेले आहे. २००५ मध्ये उघडलेल्या स्टेडियमचे कर्ज त्यांनी २०१४ मध्येच, ठरल्या मुदतीच्या कितीतरी आधी, फेडून टाकले. त्यातच जर्मन नियमानुसार क्लबमधील मतांचे बहुमत सभासदांच्याच हाती राहावे लागत असल्यामुळे एखाद्या तेलसमृद्ध देशाच्या निधीने डॉर्टमुंड विकत घेऊन रातोरात बायर्नच्या बरोबरीला आणावे, हे तिथे शक्य नाही. नियम चांगल्या हेतूने केलेला आहे आणि मला तो पटतोही. पण जो आधीच पुढे आहे त्याच्या दाराशी तो पहारेकऱ्यासारखा उभा राहतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. बायर्नची साखळी तोडणारा लेव्हरकुसेन हा या नियमाला असलेल्या जुन्या अपवादांपैकी एक असून त्याची मालकी बायर या औषधकंपनीकडे आहे, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

आता आपल्या बाजूचे. २७ मे २०२३ हा दिवस आठवून पाहा. शेवटच्या फेरीआधी डॉर्टमुंड दोन गुणांनी पुढे होता आणि घरच्या मैदानावर माइन्झला हरवले की विजेतेपद त्यांचेच होते. पहिल्या २५ मिनिटांत ते दोन गोलांनी मागे पडले, मध्ये त्यांच्या आघाडीवीर अलेरची पेनल्टी वाया गेली, आणि शेवटी सामना २–२ असा सुटला. तिकडे कोलोनमध्ये बायर्न १–१ वर अडकला होता. ८९ व्या मिनिटाला जमाल मुसियालाने गोल केला आणि दोघांचे ७१ गुण झाल्याने गोलफरकावर बायर्न विजेता ठरला. शिट्टी वाजते न वाजते तोच बायर्नचे मुख्य कार्यकारी ऑलिव्हर कान आणि क्रीडा संचालक हसन सालिहामिजिच यांना पदावरून दूर केल्याची बातमी आली. विजेतेपदाच्या दिवशीच घरातले भांडण चव्हाट्यावर आले.

ही पडझड अचानक झालेली नव्हती. २०२२ मध्ये लेवांडोव्स्की बार्सिलोनाला गेला आणि त्याच्या तोडीचा आघाडीवीर आणलाच गेला नाही. मार्च २०२३ मध्ये लेव्हरकुसेनकडून हरल्यानंतर प्रशिक्षक युलियान नागेल्समान यांना काढण्यात आले, तेव्हा संघ लीगमध्ये केवळ एका गुणाने मागे होता आणि इतर दोन्ही स्पर्धांत टिकून होता. महिन्याभरात त्या दोन्ही स्पर्धा हातच्या गेल्या. पुढच्या हंगामासाठी हॅरी केनला विक्रमी किमतीला आणले. त्याने गोलांचा पाऊस पाडला, पण बायर्न तिसरा आला. केनच्या नशिबाला दोष देणाऱ्यांनी त्याच्या मागची विस्कळीत बचावफळी पाहिली नसावी. त्या वर्षी प्रशिक्षक शाबी आलोन्सो यांच्या लेव्हरकुसेनने ३४ पैकी २८ सामने जिंकले, ६ बरोबरीत सोडवले आणि एकही गमावला नाही.

मात्र २०२५ च्या उन्हाळ्यात लेव्हरकुसेनचे काय झाले तेही पाहावे. आलोन्सो रेआल माद्रिदला गेले, फ्लोरियान विर्ट्झ लिव्हरपूलला आणि बचावपटू योनातान टा थेट बायर्नला. माझ्या मते उत्तर इथे आहे. चुका बायर्नही करतो, पण एखाद्या चुकीची किंमत त्याला एका हंगामापुरती मोजावी लागते. इतरांना मात्र यशाचीच किंमत मोजावी लागते, कारण जिंकले की त्यांचे खेळाडू विकले जातात.

उत्पन्नाचे अंतर बाहेरून कोणी बुजवले तर काय होते, याचे उदाहरण फ्रान्समध्ये आहे. ज्याँ-मिशेल ओलास यांनी १९८७ मध्ये दुसऱ्या श्रेणीतला लियाँ क्लब हाती घेतला आणि २००२ ते २००८ अशी सलग ७ विजेतेपदे मिळवली. त्या काळात प्रशिक्षक चार झाले. एसियन, दियारा, अबिदाल, मालुदा असे खेळाडू मोठ्या रकमांना विकले जात आणि त्यांची जागा घेणारा बहुतेकदा आधीच हेरून ठेवलेला असे. विक्रीवर चालणारे हे गणित एखाददुसरी निवड फसली की कोलमडते, आणि ते कोलमडत असतानाच २०११ मध्ये कतारच्या निधीने पॅरिस सेंट-जर्मेन विकत घेतला. २००८ नंतर लियाँच्या पुरुष संघाला एकदाही लीग जिंकता आलेली नाही. २०२५ मध्ये तर आर्थिक दुरवस्थेमुळे त्यांना खालच्या श्रेणीत ढकलण्याचा निर्णय झाला होता, तो अपिलात फिरला.

प्रश्न : मोठा क्लब मागे पडतो तो श्रीमंत प्रतिस्पर्ध्यामुळे असे असेल, तर मग आमच्या गोव्याच्या डेंपो या फुटबॉल क्लबचे काय झाले? त्यांच्यापेक्षा श्रीमंत कोणी आल्याचे मला तरी आठवत नाही.
— एक वाचक, फोंडा

उत्तर : डेंपोने २००५ ते २०१२ या काळात ५ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली : २ जुन्या राष्ट्रीय लीगची आणि ३ आय-लीगची. या सर्व काळात प्रशिक्षक एकच, आर्मांडो कुलासो. आणि गोल करण्याचा मोठा भार रँटी मार्टिन्सवर. २०१२ मध्ये मार्टिन्स आणि पुढच्या वर्षी कुलासो कोलकात्याला गेले. लियाँने प्रशिक्षक बदलून जे टिकवले ते डेंपोला साधले नाही, असे मी म्हणेन. २०१५ मध्ये संघ खालच्या श्रेणीत गेला.

तरीही इथवरची घसरण भरून येण्यासारखी होती, कारण पुढच्याच वर्षी ते दुसरी श्रेणी जिंकून परतले. पण तेव्हा आय-लीगला इंडियन सुपर लीगच्या खालचे स्थान देण्याची योजना पुढे आली आणि २०१६ मध्ये साळगावकर व स्पोर्टिंग क्लब द गोवा यांच्यापाठोपाठ डेंपोनेही आय-लीगमधून अंग काढून घेतले. श्रीमंत प्रतिस्पर्धी आला नाही हे आपले म्हणणे बरोबर आहे. ज्या स्पर्धेत ते अव्वल होते, तिलाच दुय्यम ठरवले गेले. त्यानंतर डेंपो आय-लीगमध्ये पुन्हा दिसला तो २०२४-२५ च्या हंगामात, खालच्या श्रेणीतून बढती मिळवून.