वाचकांचे प्रश्न: रोजच्या फोर बाय फोरला टायर कुठले घालू?

प्रश्न: नमस्कार, देवगड तालुक्यात आमची आंब्याची बाग आहे, माझ्याकडे थार फोर बाय फोर डिझेल आहे, 18 इंची रिमवाली. कामाला रोज कणकवलीला जातो, जामसंडे तळेबाजार करत नांदगावला हायवेला लागायचं आणि पुढे, जाऊन येऊन 90 किमीच्या आसपास होतं. मोसमात पेट्या घेऊन फोंडा घाटाने कोल्हापूरपण होतं. बागेत जायचा शेवटचा दीड किमी कच्चा आहे, पावसात लाल चिखल आणि मध्ये कातळ. कंपनीचे टायर झिजलेत. मित्र सगळे म्हणतात एमटीच (मड टेरेन, चिखलासाठीचे मोठ्या नक्षीचे टायर) टाक, जरा मोठ्या साइजचे, गाडी कुठेच अडकणार नाही. काय करू?

उत्तर: दादा, एमटी नका टाकू, कंपनीच्याच साइजमध्ये चांगले एटी टाका, म्हणजे ऑल टेरेन, डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीला चालणारे. एमटी वाईट असतात असं मी म्हणत नाहीये. तुमच्या त्या दीड किमीत ते एटीपेक्षा नक्कीच सरस ठरतील, कारण आपली लाल माती ओली झाली की टायरच्या चरांत थापून बसते आणि नक्षी पार बुजून टायर गुळगुळीत होतो, एमटीच्या चरा रुंद असल्यामुळे चाक फिरता फिरता चिखल बाहेर फेकला जातो. पण बाकीचे 87 किमी तुम्ही डांबरावर आणि काँक्रीटवर असता आणि त्यातले चार महिने ते ओलं असतं, माझी खरी काळजी तिथली आहे.

ओल्या डांबरावर टायर धरतो तो रबराच्या ठोकळ्यांवरच्या बारीक बारीक चिरांमुळे, त्यांना साइप म्हणतात, त्या पाण्याचा पातळ थर फोडतात आणि रबर रस्त्याला टेकतं. एमटीचे ठोकळे मोठे, चरा रुंद आणि साइप कमी, म्हणजे रस्त्याला टेकणारं रबरच कमी, त्यामुळे पावसात ब्रेक मारल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर घेते. आणि फोर बाय फोर आहे म्हणून निर्धास्त राहू नका, चारही चाकांना ताकद मिळते ती गाडी पुढे काढायला, ब्रेक तर साध्या गाडीलासुद्धा चारही चाकांना असतोच. फोंडा घाटात उतारावर धुक्यात समोर अचानक ट्रक दिसला तर त्या क्षणी तुमच्या हातात फक्त टायर असतो. चिखलात रुतलात तर ट्रॅक्टर बोलावता येतो, पेट्या तासभर उशिरा जातील, पण घाटात गाडी थांबली नाही तर मग काय करणार. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर आहे.

शिवाय एमटीचा आवाज आहे, 80 च्या वेगाला सतत घूं घूं, रोज दोन अडीच तास कानाशी, डिझेल जास्त जातं आणि डांबरावर ते लवकर झिजतात.

साइजचं बघा, तुमची मूळ साइज 255/65 आर 18, म्हणजे टायरची उंची साधारण 789 मिमी. 265/65 घेतला तर 802 च्या आसपास, फरक दीड-पावणेदोन टक्क्याचा, स्पीडोमीटर 80 दाखवेल तेव्हा गाडी 81 च्या थोडी वर असेल. एवढ्याने काही बिघडत नाही पण मिळतंही फारसं काही नाही, गाडीचं जमिनीपासूनचं अंतर फक्त साडेसहा मिमी वाढतं. त्याहून मोठे घातले तर चाक वळताना आत घासतं का ते बघावं लागतं, गिअर जड वाटतात, विम्याच्या वेळी प्रश्न निघू शकतात. रोजच्या गाडीला कशाला हे.

दुकानात गेल्यावर दोन गोष्टी स्वतः वाका आणि बघा. एक म्हणजे टायरच्या बाजूवर डीओटी असं लिहून पुढे जो नंबर असतो त्याचे शेवटचे चार आकडे, ते टायर कधी बनला ते सांगतात, 2324 असेल तर 2024 सालचा 23 वा आठवडा, दुकानात वर्ष दीड वर्ष पडलेला माल घेऊ नका, रबर कडक होत जातं. दुसरं साइजच्या पुढचा आकडा, 109 म्हणजे एका टायरला जास्तीत जास्त 1030 किलो भार, 112 म्हणजे 1120 किलो, तो तुमच्या जुन्या टायरपेक्षा कमी नको, तुम्ही पेट्या भरून घाट चढता. बाजू जाड असलेला मिळाला तर अजून चांगलं, कारण जांभ्या दगडाची धार तळाला फार काही करत नाही, ती बाजू कापते, आणि बाजूचं पंक्चर काढून तो टायर भरवशाचा राहत नाही.

स्टेपनीपण तीच घ्या, पाचही एकदम, आणि दर 8-10 हजार किमीला पाचही फिरवत राहा. फोर हाय, म्हणजे नेहमीच्या वेगाला चारही चाकांना ताकद देणारा गिअर, लावल्यावर पुढची मागची चाकं एकमेकांना बांधली जातात, एक टायर नवा आणि एक झिजका असला तर गिअरबॉक्सवर ताण येतो. सुक्या डांबरावर फोर हाय लावायचंच नाही, हेही त्याच कारणाने.

बागेच्या रस्त्याला शिरताना हवा 20 पीएसआयपर्यंत उतरवा, टायर पसरतो आणि एटीसुद्धा चिखलात बराच पुढे जातो, फोर लो (चारही चाकांना ताकद, पण हळू चालीचा जोरदार गिअर) लावा, हळू चला, कातळ आला की टायरची बाजू त्याला घासू देऊ नका. परत डांबरावर आल्यावर दाराजवळच्या स्टिकरवर दिलेली हवा भरूनच निघायचं, त्यासाठी 12 व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर गाडीत ठेवाच. कायद्याने नक्षी 1.6 मिमीपर्यंत चालते पण आपल्या पावसाला ती पुरत नाही, मी 3 मिमी राहिली की मे महिन्यातच बदलतो.

प्रश्न: माझी जिम्नी आहे, गुहागरला राहतो. किनाऱ्यावर वाळूत चालवायला कुठला टायर बरा?

उत्तर: किनाऱ्यावर गाडी नेऊच नका, ही माझी मनापासून विनंती आहे. गुहागर, वेळास, आंजर्ले इथे ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात येऊन वाळूत अंडी घालतात, ती वरून दिसत नाहीत, गाडीखाली घरटं दबतं, आणि पिल्लं बाहेर आली की चाकोरीच्या खड्ड्यात अडकून पाण्यापर्यंत पोचत नाहीत. भरती चढली की रुतलेली गाडी काढता येत नाही, आणि खारं पाणी चासीला लागलं की गंज धरतो. घरच्या वाटेवर कुठे भुसभुशीत वाळू असेल तर आहेत त्याच 195/80 आर 15 टायरमधली हवा 16-18 ला आणा, मोठी नक्षी वाळू उकरते आणि गाडी आणखी खाली बसते, तिथे नवा टायर घ्यायची गरजच नाही.