सैनिकांच्या रेडिओ, जीपीएस वगैरेची बॅटरी जास्त टिकवायची तर आधी काय सुधारायचं?

आधी रेडिओचं ट्रान्समिशन आणि उगाच जागं राहणारं सर्किट पकडा, मोठी बॅटरी हा शेवटचा उपाय, कारण तिचं वजन शेवटी जवानाच्याच पाठीवर येतं. मी बॅटरीवर चालणाऱ्या रेडिओ मॉड्यूलचं हार्डवेअर करतो त्यावरून सांगतो. समजा हँडसेट 5 वॉट बाहेर फेकतोय आणि त्याच्या पॉवर अॅम्प्लिफायरची (सिग्नल बाहेर पाठवण्याआधी मोठा करणारा भाग) एफिशियन्सी 40 टक्के आहे, तर तो बॅटरीतून 12.5 वॉट ओढतो, म्हणजे 7.5 वॉटची नुसती उष्णता, हातात धरलेला सेट गरम लागतो तो यामुळेच. म्हणून समोरचा जवळ असेल तर पॉवर आपोआप कमी व्हायला हवी, मोकळ्या जागेत निम्म्या अंतराला चौथाई पॉवर पुरते.

बाकी:
- प्रोसेसरचा व्होल्टेज आणि क्लॉक (त्याचा वेग) कामापुरता ठेवा, स्विचिंगमध्ये जाणारी पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे थोडा कमी केला तरी फरक दिसतो
- जीपीएस सतत चालू नको, माणूस हलला हे अॅक्सेलरोमीटरने कळलं की मगच फिक्स (जागेची नोंद) घ्या
- स्क्रीनचा ब्राइटनेस कमी (रात्री तसाही उजेड दिसायला नकोच)

फक्त एक, रिसीव्हर फार वेळ झोपवू नका. जागं व्हायला लागलेल्या अर्ध्या सेकंदात हाकेचा पहिला शब्द गेला तर वाचवलेल्या बॅटरीचं काय करायचं? डोंगरात, झाडीत पॉवर हाताने वाढवायची सोयही हवीच.