बायपास गणपतीनंतर केली तर चालेल का?

प्रश्न : काका, नमस्कार. मी गुहागर तालुक्यातला, वय 57, आगर आहे आणि थोडी आंब्याची कलमं. दोन महिने पाखाडी चढताना छातीत आवळल्यासारखं व्हायचं, मी पित्त समजून सोडा पीत राहिलो. शेवटी मुलाने ओढत मुंबईला नेलं, अँजिओग्राफीत तीन नसा बंद निघाल्या, त्यातली एक 90 टक्के. डॉक्टर म्हणतात बायपास करा आणि पंधरा दिवसांच्या आत करा. पण गणपती महिन्यावर आलेत, सगळे चाकरमानी घरी येणार, म्हणून मी म्हणतोय विसर्जन झालं की लगेच जातो. खरं सांगू, भीती वाटते. हृदय बंद करून परत चालू करतात म्हणे. वाडीतले एकजण सांगतायत काढ्याने ब्लॉकेज विरघळतं. आणि नंतर मी माडावर चढेन का, शिमग्याला पालखी नाचवेन का, की पडवीतच बसून राहायचं? (ता. क. बायको विचारतेय, मासे बंद होणार का?)

उत्तर : दादा, तुमचं पत्र मिळालं त्याच दुपारी मी तुम्हाला फोन केला, कारण अंक छापून येईपर्यंत थांबण्यासारखा हा प्रश्नच नव्हता. तरी इथे परत लिहितोय, कारण असं पत्र दरवर्षी कुणाचं ना कुणाचं येतं, फक्त सण बदलतो.

मी 2016 साली हेच केलं. तुमचे गणपती, माझा शिमगा. डॉक्टरांनी तारीख दिली होती, मी म्हटलं पालखी घरी येऊन जाऊदे, एवढी वर्षं थांबलंय ते अजून दीड महिना थांबेल. पालखी आली, ओटी भरली, आणि त्याच रात्री अडीच वाजता मी घामाने निथळत ओटीवर बसलेलो, डावा हात जड, आणि बायको शेजाऱ्याची गाडी मिळते का बघत अंधारात पळतेय. वाचलो, ऑपरेशनही झालं, पण अटॅकमध्ये हृदयाचा जो भाग मेला तो मेला, हृदयाचं पंपिंग 55 टक्क्यांवरून 40 वर आलं ते आलंच. तारखेला गेलो असतो तर बहुतेक तो भाग शाबूत राहिला असता. चूक माझीच होती. त्यामुळे गणपतीनंतर चालेल का हे ना मला विचारा ना भटजींना, सर्जनला सरळ विचारा की डावी मुख्य नस अडकलीय का आणि थांबलो तर काय होऊ शकतं. ते म्हणाले चालेल तर चालेल. पंधरा दिवस म्हणाले असतील तर यंदा आरती भावाने म्हणायची, बाप्पा काय रागवत नाही.

काढ्याचं म्हणाल तर नसांच्या आत वर्षानुवर्षं साचून कडक झालेला थर काढ्याने विरघळत नाही. सांगणारे प्रेमाने सांगतात, मान्य, पण त्यापायी चालू गोळ्या बंद करू नका. रक्त पातळ करायच्या गोळ्यासुद्धा ऑपरेशनआधी कुठल्या थांबवायच्या आणि कधी ते डॉक्टरच सांगतील, स्वतःच्या मनाने एकही नाही.

हृदय बंद करतात ते काही वेळा खरं आहे, तेवढा वेळ रक्त फिरवायचं आणि त्यात ऑक्सिजन मिसळायचं काम मशीन करतं. तसलं मशीन वापरून हृदयाचं पहिलं यशस्वी ऑपरेशन अमेरिकेत 1953 ला झालं आणि आपल्याकडे पहिली बायपास 1975 साली मद्रासला, म्हणजे ही काय काल निघालेली विद्या नाही. आता तर पुष्कळ ठिकाणी चालत्या हृदयावरच करतात, कुठली पद्धत ते सर्जन ठरवतात. बंद नस ते काढत नाहीत, पायातली शीर आणि छातीच्या आतली एक नस घेऊन बंद जागेला वळसा घालून नवीन रस्ता जोडतात. हायवेचं काम चालू असताना आपण आतल्या गावातून गाडी काढतो ना, तसंच, फक्त हा रस्ता बरा असतो.

ऑपरेशनचा दिवस तुमच्यासाठी सगळ्यात सोपा, तुम्ही झोपलेले असता, जागरण घरच्यांना. जाग येते तेव्हा घशात नळी असते आणि बोलता येत नाही, हे मला आधी कुणीही सांगितलं नव्हतं, मला वाटलं माझा आवाजच गेला आणि मी हातपाय झाडायला लागलो, मग हात बांधले. तुम्हाला आधीच सांगून ठेवतो, नळी श्वासाची असते, बहुतेकांची दुसऱ्या दिवसापर्यंत निघते, नर्सला बोटाने खूण करा. मग ते तीन छोट्या चेंडूंचं प्लास्टिकचं यंत्र देतील, श्वास आत ओढून ते चेंडू वर न्यायचे. कंटाळवाणं आहे, करा. फुप्फुसात कफ साचू नये म्हणून असतं ते. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची, नाहीतर डोळ्यासमोर काजवे.

खरी परीक्षा घरी आल्यावर. छातीचं हाड मधोमध कापून तारेने बांधलेलं असतं, ते नीट सांधायला दोन-तीन महिने जातात, आणि आपली घरं त्या माणसासाठी बांधलेली नाहीत. भारतीय संडासात बसलात की उठताना नळाला धरून ओढ घेणार आणि सगळा ताण छातीवर, म्हणून कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा. खाली अंथरूण नको, खाट हवी, उठताना कुशीवर वळून पाय खाली सोडायचे, हातावर जोर नाही. विहिरीवरची कळशी, नारळाचं पोतं, आंब्याची पेटी, नातू, यातलं काही उचलायचं नाही. स्कूटर डॉक्टर सांगतील तेव्हा. आणि गंमत म्हणजे छातीपेक्षा पायाचा टाकाच जास्त ठणकतो, पाय थोडा सुजतोही, बसलात की पाय वर ठेवा. पण ताप आला, जखमेतून पाणी-पू आला, धाप लागली, पोटरी एकदम सुजली नि दुखायला लागली किंवा छातीच्या हाडात कट्‌कट् हलल्यासारखं वाटलं तर गावात कुणाला दाखवत बसू नका, ऑपरेशन झालं त्या हॉस्पिटललाच फोन करा.

आणखी एक, रडू येतं. मी बातम्या बघताना रडायचो, जेवण मातीसारखं लागायचं, चिडचिड वेगळीच. पुष्कळ पेशंटना होतं, हळूहळू जातं. नाही गेलं तर डॉक्टरांना सांगायचं, त्यावरही औषध असतं.

पैशाचं तुम्ही लिहिलं नाहीत पण मनात असणार. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार होतात, बायपास त्यात बसते, पण हॉस्पिटल योजनेतलं पाहिजे. मुलाला सांगा अॅडमिट व्हायच्या आधी रेशनकार्ड आणि आधार घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला भेट, नंतर धावाधाव होते. रक्त द्यायला माणसं लागली तर चाकरमानी कामाला येतील, तेवढेच गणपतीआधी भेटतील.

आता तुमच्या पालखीचं. घरी आल्यावर पहिले दिवस अंगणात पाच-दहा मिनिटं, मग सपाट रस्ता. पाखाडी मी सहाव्या आठवड्यात डॉक्टरांना विचारून चढलो, पहिल्या दिवशी अकरा पायऱ्या आणि मग गडग्यावर बसलो, रोज दोन वाढवल्या. आत्ता केलंत तर शिमग्यापर्यंत सहा महिने होतात, तपासणी करून डॉक्टर हो म्हणाले तर नाचवा की पालखी, मी पुढच्याच वर्षी खांदा दिला होता. माडावर चढायचं मात्र सोडा हो, बायपास नसती तरी 57 ला मी हेच म्हटलं असतं. आणि तंबाखू-मिश्री काही असेल तर ती आजपासून बंद.

वहिनी, मासे बंद नाहीत. बांगडा, तारली खुशाल द्या, कालवण करा नाहीतर तव्यावर थोड्या तेलात भाजा, कढईत बुडवून तळू नका. सुका बांगडा, सोडे, खारवलेलं जे काय डब्यात भरून ठेवलंय ते मात्र त्यांना दिसणार नाही अशा ठिकाणी हलवा, त्यात मीठ फार असतं, आणि आमच्याकडे तो डबा सापडायला मला चारच दिवस लागले होते.