कॅनडाच्या अर्जाआधी दिवसांची वही

कॅनडात राहिलेले दिवस कसे मोजतात आणि अर्जात काय जपायचे, हे तुम्ही वाशीहून निघण्यापूर्वीच विचारलेत ते बरे झाले, कारण बहुतेक जण अर्ज भरायला बसल्यावर दिवस मोजू लागतात. कायम रहिवासाचा दर्जा टिकवण्यासाठी ५ वर्षांत ७३० दिवस, तर नागरिकत्वासाठी अर्जापूर्वीच्या ५ वर्षांत १,०९५ दिवस कॅनडात प्रत्यक्ष राहावे लागते. कायम रहिवास मिळण्याआधी विद्यार्थी किंवा नोकरदार म्हणून तिथे काढलेला दिवस नागरिकत्वासाठी अर्धाच धरला जातो, तोही एकूण ३६५ दिवसांपर्यंतच. म्हणून पहिल्या दिवसापासून जाण्यायेण्याच्या तारखा वहीत लिहा. आईच्या आजारपणातल्या माझ्या ठाण्याच्या दोन फेऱ्या नोंदवायच्या राहिल्या, आणि पुढे पासपोर्टवरच्या पुसट शिक्क्यांवरून त्या जुळवताना दोन रविवार गेले.

दुसरी चूक लपवण्याची. पूर्वी अमेरिकेचा व्हिसा नाकारला गेला असेल किंवा नोकरीत खंड पडला असेल, तर विचारलेल्या ठिकाणी ते स्पष्ट लिहा. जुना नकार अडथळा ठरेलच असे नाही, पण महत्त्वाची माहिती दडवल्याचे सिद्ध झाले तर ५ वर्षांची बंदी येऊ शकते. अर्ज एजंटाने भरला तरी जबाबदारी तुमचीच, तेव्हा ‘हे कोण बघतो’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा. भारतीय पासपोर्ट परत करणे, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचे कार्ड) वगैरे विषय सध्या बाजूला राहू द्या.