वाचकांचे प्रश्न : माकडताप आला कुठून?

प्रश्न : काजूच्या हंगामात आमच्याकडे माकडतापाची धास्ती असते. पूर्वी हे नाव कुणी ऐकलं नव्हतं. मग हा रोग आला कुठून?
– एक वाचक, दोडामार्ग

उत्तर : हा रोग प्रथम 1957 मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात ओळखला गेला. विषाणू गोचिडी आणि रानातल्या लहान प्राण्यांमध्ये फिरत राहतो. जंगल तोडून शेती आणि बागा वाढल्या, गुरं रानाच्या कडेला चरू लागली, तिथे चित्र बदललं. मोठ्या गोचिडी गुरांच्या रक्तावर पोसतात, त्यामुळे गोचिडींची संख्या वाढते. माणसाला मात्र बहुधा त्यांची पिल्लं चावतात. ती इतकी बारीक असतात की अंगावर दिसतही नाहीत. डिसेंबर ते मे हा त्यांचा काळ आणि काजू वेचणंही याच काळात येतं. माकडालाही हा रोग होतो. मेलेल्या माकडाच्या अंगावरून गोचिडी उतरून आसपास पसरतात, म्हणून त्याला हात लावू नका, ताबडतोब आरोग्य केंद्राला कळवा.

रानात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पँट मोज्यांत खोचा, उघड्या अंगाला गोचीडरोधक तेल लावा. पाचोळ्यावर बसू नका. परतल्यावर कपडे गरम पाण्यात टाका आणि साबणाने अंघोळ करा. रानातून आल्यावर 3 ते 8 दिवसांत अचानक जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली तर रक्त तपासा. अ‍ॅस्पिरिन घेऊ नका. या तापात रक्तस्राव होऊ शकतो. रुग्णाची सेवा करायला मात्र घाबरू नका, हा ताप माणसाकडून माणसाला होत नाही.