उनागी आणि आपली वाम

प्रश्न : भाचा कंपनीच्या कामाला जपानला गेलाय. तिथं उनागी म्हणून भातावर घालून देतात ती वामच आहे म्हणतो, आणि दर काय तर "नको विचारूस मावशी". आमच्याकडं घटप्रभेची वाम मिळतेय, तिची तशी होईल का? आणि रक्त विषारी असतं म्हणे, खरं का? आणि एवढी महाग का?
– एक वाचक, गोकाक तालुका

उत्तर : ताई, रक्ताचं खरं आहे, कच्च्या रक्तात विषारी प्रोटीन असतं पण उष्णतेनं ते निकामी होतंय, म्हणून तर एरवी कच्चा मासा आवडीनं खाणारे जपानी लोक ही शिजवूनच खातात. भाच्याची काळजी सोडा.

करतात कशी तर चिरून उघडायची, मधला काटा काढायचा, सळीला टोचून कोळशावर भाजायची, मग सोया सॉस, साखर आणि मिरिन नावाची गोडसर तांदळाची दारू आटवून केलेल्या सॉसात बुडवून परत भाजायची, असं दोनतीनदा. टोकियोकडं पाठीतनं चिरून मधे वाफवून घेतात, एकदम मऊ होते, ओसाकाकडं पोटातनं चिरून न वाफवता थेट भाजतात. मला विचाराल तर ओसाकावाल्यांचंच बरं, आपल्या चुलीवर जमण्यासारखं.

पण नदीतली आपली वाम वेगळी, पाठीवर बारीक काट्यांची रांग असते बघा, ती उनागीच्या घराण्यातली नव्हेच. उनागीला चरबी भरपूर, हिला कमी, जरा जास्त भाजली की वातड झाली म्हणून समजा. राख चोळून बुळबुळीतपणा काढा, पाठीचे काटे कापून टाका, तेल लावत रहा आणि सॉस अगदी शेवटी, नाहीतर साखर करपून सगळं कडू. मिरिन नसली तर साखर थोडी वाढवा, काय बिघडत नाही. वरनं ते लोक सानशो भुरभुरतात, ते आपल्या तिरफळाच्याच कुळातलं, तेव्हा तिरफळाची बी टाकून साल कुटा आणि चिमूटभरच घाला, जीभ बधिर होतेय.

राहिला दर. उनागी अंडी घालायला पार मारियाना बेटांच्या पश्चिमेला भर समुद्रात जाते, आणि तळ्यात पाळतात त्यांचीही पिल्लं किनाऱ्याला आलेली धरूनच आणावी लागतात. अंड्यापासनं पुढची पिढी वाढवायचं प्रयोगशाळेत २०१० ला जमलं, पण त्यावर बाजार भागत नाही. २०१४ ला आययूसीएन या निसर्ग जपणाऱ्या जागतिक संस्थेनं तिला धोक्यातल्या प्रजातींत घातलं, आणि इकडं ऐन उन्हाळ्यात एक ठरावीक दिवस असतो त्या दिवशी सगळ्या जपानला उनागीच पाहिजे, मग दर चढणारच की हो.