आईचा गुडघा, ‘ग्रेड २’ आणि दुर्बिणीचं ऑपरेशन

तुम्ही लिहिलंय की आईंचं वय ५८, मार लागलेला नाही, उजवा गुडघा काही महिन्यांपासून जिना उतरताना दुखतो, आणि एमआरआयमध्ये ‘आतल्या बाजूच्या मेनिस्कसमध्ये ग्रेड २ सिग्नल, कूर्चेची सौम्य झीज, थोडं पाणी, लहान बेकर्स सिस्ट’ (गुडघ्यामागे पाण्याने भरलेली गाठ) आलंय. दुर्बिणीतून ऑपरेशन करून घ्यावं का, हा तुमचा प्रश्न. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे गुडघ्याचेच पेशंट जास्त येतात. माझं मत स्पष्ट आहे: एवढ्या रिपोर्टवर ऑपरेशनची तारीख घेऊ नका.

मेनिस्कस म्हणजे मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामधली गादी. ग्रेड १ आणि २ म्हणजे गादीच्या आत झालेला बदल, जो तिच्या पृष्ठभागापर्यंत पोचलेला नाही. पृष्ठभागापर्यंत पोचला तर ग्रेड ३, आणि फाटणं म्हणतात ते त्याला. आईंची गादी या रिपोर्टप्रमाणे फाटलेली नाही.

फाटलेली असती तरी दुखण्याचं कारण तीच, असं लगेच म्हणता आलं नसतं. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात पन्नाशीपुढच्या ९९१ लोकांचे गुडघे एमआरआयने तपासले होते. तो अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांची गादी फाटलेली दिसली, त्यांतल्या ६१ टक्के लोकांचा गुडघा आधीच्या महिनाभरात दुखलाच नव्हता. पुढे २०१३ मध्ये फिनलंडच्या डॉक्टरांनी झिजेमुळे गादी फाटलेल्या १४६ पेशंटचे दोन गट केले. एका गटात गादीचा फाटलेला भाग कापून काढला, दुसऱ्या गटात दुर्बीण आत घालून फक्त पाहिलं आणि ऑपरेशनचा देखावा केला. वर्षभराने दोन्ही गटांच्या दुखण्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. घरातल्या कुणी ‘एकदाचं करून टाका’ म्हटलं, तर हे त्यांना जरूर सांगा.

एमआरआय वाया गेला असं मात्र समजू नका. रिपोर्टमध्ये काय नाही तेही बघा. गादीचं मूळ, म्हणजे ती हाडाला जिथे चिकटते ती जागा, शाबूत आहे का? हाडाच्या आत सूज किंवा बारीक फ्रॅक्चर आहे का? पन्नाशी-साठीच्या बायकांत उकिडवं बसून उठताना किंवा पायरी चढताना गुडघ्यामागे एकदम ‘कट्’ होतं आणि मग पाऊल टाकवत नाही. तेव्हा अनेकदा हे मूळच तुटलेलं असतं. त्याची गोष्ट वेगळी, तिथे वेळ घालवला तर गुडघा झपाट्याने झिजू शकतो. कबड्डी खेळताना गुडघा पिळवटला, काही तासांत टम्म सुजला आणि नंतर लचकत राहिला, तर तिथेही एमआरआय हवाच. गुडघा अडकून सरळच होत नसेल तरीही. पण गुडघा लाल आणि गरम होऊन ताप आला असेल तर आधी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

आईंचा एक्स-रे उभं राहून काढला होता का? आडवं झोपवून काढला तर हाडांमधली फट खरी आहे त्यापेक्षा चांगली दिसू शकते, कारण वजनच पडत नाही. दोन्ही गुडघ्यांचा उभ्याने काढलेला एक्स-रे स्वस्तही आहे आणि या वयात बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. खुब्याचीही तपासणी करून घ्या. खुबा खराब असला की दुखणं गुडघ्यात जाणवतं आणि गुडघ्याचे फोटो काढत बसण्यात महिने जातात.

आता करायचं ते. मांडीच्या पुढच्या स्नायूंचा आणि कुल्ल्याच्या स्नायूंचा व्यायाम, निदान तीन महिने, नेमाने. पाय सरळ ठेवून उचलणं, खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणं-बसणं, हळूहळू वाढवत. तोपर्यंत मांडी घालून आणि उकिडवं बसणं टाळावं, शक्य असेल तर कमोड वापरावा. वजन जास्त असेल तर थोडं उतरलं तरी जिन्यावर फरक जाणवतो. चालणं बंद करू नका. दुखतंय म्हणून घरात बसवलं की स्नायू आणखी दुबळे होतात. बेकर्स सिस्ट बहुतेक वेळा आतल्या पाण्यामुळे होते, ती कापायची घाई नको. मात्र पोटरी अचानक सुजली आणि दुखू लागली तर त्याच दिवशी दाखवा, कारण शिरेत गुठळी झालेली नाही ना हे बघावं लागतं.

तीन महिने मनापासून व्यायाम करूनही जिना तसाच जड जात असेल, तर ऑर्थोपेडिक डॉक्टरांना एवढंच विचारा: ऑपरेशन नेमकं कशाचं करणार, आणि त्याने आईंचं कोणतं दुखणं कमी होईल?